शोभनाची एकशे बारा वाक्यं

दुबईच्या देरा भागातल्या आमच्या इमारतीत शैलेंद्र आजरेकरांबद्दल लोक एकच गोष्ट सांगायचे, की या माणसाने स्वतःच्या बायकोचा आवाज पुसून टाकला. लिफ्टमध्ये एकीने दुसरीला हे सांगताना मी स्वतः ऐकलंय. ते अगदीच खोटं नाही. पण तेवढंच सांगून सोडून दिलं तर त्या माणसावर अन्याय होतो. मी त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं राहिले. ज्या शुक्रवारी ते घडलं, त्या दिवशी मी त्यांच्याच हॉलमध्ये मेथी निवडत बसले होते.

शैलेंद्र मूळचे आजऱ्याचे. कोल्हापूरला आयटीआय करून १९८९ साली दुबईला आले आणि अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपमध्ये लागले. सुपरमार्केटच्या काउंटरवर बिल करायच्या ज्या मशिनी असतात, त्या दुरुस्त करण्याचं काम. बोलणं कमी. कुठलंही यंत्र उघडलं की आधी कागदावर त्याचं चित्र काढायचे, कुठला स्क्रू कुठून काढला त्याला नंबर द्यायचे. माझा मिक्सर त्यांनी एकदा दुरुस्त केला, तेव्हा त्यालाही असं चित्र होतं. "एवढं कशाला हो?" मी विचारलं. "ताई, विसरलो तर?" म्हणाले.

त्यांची बायको शोभना याच्या नेमकी उलट. गडहिंग्लजची, ठेंगणी, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर बोलली तर खाली बकाल्यात मरियमबीला ऐकू जायचं. मरियमबी खालच्या दुकानात बसायची, ती हसून म्हणायची, "तुम्हारी सहेली को फोन की क्या जरूरत है?" शोभना घरात मुलं सांभाळायची. आईबाप दोघं कामाला जाणाऱ्यांची सहा-सात पोरं दुपारी तिच्याकडे असत. "यल्ला, चला, पाय धुवा!", "चप्पल बाहेर!", "नीरव, ते तोंडातनं काढ!" हे दुपारभर माझ्या भिंतीतून ऐकू यायचं. मी शाळेत हिंदी शिकवायचे. दीडला घरी आले की जरा पडावं म्हटलं तर या आवाजात झोप लागायची नाही. तेव्हा मी वैतागायचे, हे कबूल करते.

त्यांची मुलगी ईश्वरी इथेच जन्मलेली. शोभना मराठीत विचारणार, ती इंग्रजीत उत्तर देणार. "ईशू, डबा संपवलास?" "हाफ, आई." "अर्धा का?" "आय वॉज नॉट हंग्री." दोघींचं असं वर्षानुवर्षं चालायचं आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

२००१ च्या उन्हाळ्यात शोभनाचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून महिनाभर गेला. मग गळ्यावर गाठ दिसली. थायरॉइडचा कॅन्सर, आणि तो स्वरयंत्रात शिरलेला. मुंबईला जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवणार होते. डॉक्टरांनी एक यंत्र दाखवलं, गळ्याला लावून बोलायचं. त्यातून येणारा घरघराट ऐकून शोभना म्हणाली, "हे लावून मी पोरांशी बोलले तर पोरं पळून जातील हो."

त्यानंतर दोन दिवसांनी शैलेंद्र वर्कशॉपमधून एक छोटा संगणक घेऊन आले. जुना बिलिंगचा, शब्दकोशाएवढा. एका दुकानाने टाकून दिलेला. त्याच्याबरोबर काउंटरवरचा चौकोनी कीबोर्ड होता. त्याच्या प्रत्येक बटणावर पारदर्शक टोपण असतं आणि खाली कागदाची चिठ्ठी सरकवता येते, म्हणजे दूध, ब्रेड, अंडी असं लिहिता येतं. त्यांच्याबरोबर काम करणारा अहमद म्हणून एक सुदानी इंजिनियर होता. त्याने त्या संगणकावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घालून दिली. शैलेंद्रांनी महिनाभर पुस्तकं वाचून बाकीचं केलं. कल्पना साधी होती. शोभनाचा आवाज जाण्याआधी तिची रोजची वाक्यं रेकॉर्ड करायची. बटण दाबलं की ते वाक्य तिच्याच आवाजात स्पीकरमधून येणार.

ऑगस्टमध्ये तीन दिवस रेकॉर्डिंग चाललं. एसीचा आवाज येतो म्हणून एसी बंद. खिडकीवर गोधड्या लावलेल्या. ऑगस्टमध्ये एसी बंद केलेली खोली म्हणजे काय हे दुबईत राहिलेल्या माणसालाच कळेल. आवाज तसाही घोगरा झाला होता, त्यामुळे ती चार-पाच वाक्यं बोलायची, बाहेर यायची, घाम पुसायची, गरम पाणी प्यायची आणि परत आत जायची. मी दाराशी पाणी घेऊन उभी असायचे.

"आता काय बोलू?" आतून यायचं.

"रोज जे बोलतेस ते."

"रोज मी काय बोलते ते मला काय माहीत!"

मग मीच यादी केली. इतकी वर्षं भिंतीतून ऐकलेलं सगळं मला पाठ होतं. चहा टाकते. गॅस बंद कर. कोण आहे? आत या. थांब. नको. दूध संपलं. "अहो" असं एक बटण तिने स्वतः मागून घेतलं. "ईशू" तीन प्रकारे रेकॉर्ड केलं: हाक मारायचं, रागवायचं, आणि जवळ घ्यायचं. हे तिसरं पाच वेळा करावं लागलं. गडहिंग्लजला आईशी फोनवर बोलायला आठ वाक्यं वेगळी केली. सगळी मिळून एकशे बारा.

ईश्वरी तेव्हा दहा वर्षांची होती. ती तीन दिवस त्या खोलीकडे फिरकली नाही, माझ्या घरी येऊन टीव्ही बघत बसली. मी म्हटलं, "जा ना, आईला मदत कर." "आय डोन्ट लाइक इट," ती म्हणाली. आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

ऑपरेशन झालं. नोव्हेंबरमध्ये शोभना परत आली तेव्हा गळ्यावर सुती कापडाचा पट्टा होता आणि हातात पाटी. पहिले काही दिवस ती मशीनला हात लावेना. मग एका दुपारी माझ्या भिंतीतून ऐकू आलं, "चप्पल बाहेर!" मी होते तशी उठून बसले आणि रडले.

पोरांनी ते यंत्र आठवड्याभरात आपलंसं केलं. तीच बटणं दाबायची आणि तिला सांगायची, "मावशी, तुम्ही मला रागवा." ती हसायची. हसताना आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. दर शुक्रवारी शैलेंद्र गडहिंग्लजला फोन लावत. रिसीव्हर स्पीकरशी धरून शोभना बटणं दाबायची. "मी बरी आहे." "तू औषध घेतेस ना?" "ईशू अभ्यास करते." ऑपरेशन झालंय एवढं म्हातारीला माहीत होतं. आवाज गेलाय हे तिला सांगायचं नाही, असं शोभनाने पाटीवर लिहून ठरवून टाकलं होतं. आईला हृदयाचा त्रास होता. म्हातारीची तक्रार एवढीच की लेक हल्ली तुटक बोलते. "दुबईत राहून शिष्ट झालीस," म्हणायची. शोभना बटण दाबायची, "तसं नाही गं आई."

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग मशीन उशीर करायला लागलं. बटण दाबलं की आवाज लगेच यायचा तो एक सेकंदाने, दोन सेकंदांनी यायला लागला. शोभनाला त्याची चीड यायची. बटण दाबून वाट बघत ती बोटं आपटायची. डिसेंबरमध्ये एकदा नीरव इस्त्रीकडे धावला. तीन वर्षांचं पोर. शोभना कीबोर्डाजवळ होती, तिने "नको!" दाबलं आणि तिथून उठून धावली. ती पोचायच्या आधी नीरवने हात लावला होता. तो किंचाळल्यावर मागून मशीन बोललं, "नको!"

बोटाला फोड आला, आठ दिवसांत बराही झाला. पण नीरवच्या आईने त्याला पाठवणं बंद केलं. ती भांडली नाही. फक्त "आता माझ्या सासूबाई येताहेत" असं म्हणाली. त्या आठवड्यात आणखी दोन मुलं कमी झाली. शोभनाने पाटीवर लिहून मला विचारलं, "मी बोलू शकत असते तर त्याला भाजलं नसतं ना?" मी म्हटलं, "अगं, मुलं भाजतातच." ती पाटी पुसत राहिली.

शैलेंद्रांनी हे फार मनाला लावून घेतलं. अहमदने सांगितलं की आवाजाचा जो प्रोग्राम त्या संगणकात आहे, त्याची नवीन आवृत्ती आली आहे, ती जास्त चपळ आहे. त्याने सगळं सीडीवर घालून दिलं. जानेवारी २००३ मधला तो शुक्रवार. सकाळचे दहा वाजले असतील. ईश्वरी खाली मैत्रिणीकडे गेली होती. शोभना आणि मी मेथी निवडत होतो. शैलेंद्रांनी मशीनला मॉनिटर जोडला आणि अपडेट सुरू केलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "परमिशन डिनाइड."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे परवानगी नाही म्हणतंय. मीच तसं ठेवलंय, ताई. पोरांनी भलतं बटण दाबून काही पुसू नये म्हणून. या मशीनमध्ये शोभना भाडेकरू आहे. तिला राहता येतं, भिंत पाडता येत नाही. आता मालक म्हणून आत जातो." त्यांनी दुसरा पासवर्ड टाकला.

मग अपडेट पुढे गेलं आणि पुन्हा अडलं. काही फाइल्स अहमदच्या नावावर राहिल्या होत्या, त्याने पहिल्यांदा घातल्या होत्या म्हणून. शैलेंद्रांनी एकेक फाइल बघून स्वतःच्या नावावर करून घेतली. यात तासभर गेला. शोभनाने चहा केला, त्यांचा कप तसाच गार झाला. आज बटणं बंद होती, त्यामुळे ती माझ्याशी पाटीवर बोलत होती, आणि दर थोड्या वेळाने नवऱ्याकडे बघून, किती वेळ, अशी हाताने खूण करत होती.

तिसऱ्यांदा अडलं. यावेळी संदेश वेगळा होता. डिस्कवरचं वाचता येईल, लिहिता येणार नाही, असं मशीन म्हणत होतं. शैलेंद्र थोडे चिडले होते. असा माणूस चिडला तरी आवाज चढत नाही, फक्त चष्मा काढून पुसतो. "मालकालासुद्धा नाही म्हणतंय," म्हणाले. त्यांनी पुस्तक उघडलं. डिस्क जबरदस्तीने लिहिण्याजोगी करायची एक आज्ञा असते, ती त्यात सापडली. त्यांनी ती दिली. मशीनने ऐकलं. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या.

"चाललं," म्हणाले. शोभनाने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

पाचेक मिनिटं गेली असतील. ओळी थांबल्या. मशीनमधून आवाज यायला लागला, टक्, टक्, टक्, कोणी नखाने पत्रा वाजवावा तसा. शैलेंद्र वाकले आणि त्यांनी कान मशीनला लावला. त्यांनी मशीन बंद केलं, दहा मिनिटांनी चालू केलं. पडद्यावर एक ओळ आली आणि तिथेच थांबली. तीनदा केलं. तीनदा तेच.

शोभना उठली. कीबोर्डापाशी जाऊन तिने "अहो" दाबलं. मग "ईशू" दाबलं. मग एकेक करून ती पहिल्या ओळीपासून सगळी बटणं दाबत गेली, आणि एकातूनही आवाज आला नाही.

"सीडी आहे," शैलेंद्र एकदम म्हणाले. "मी सीडी काढून ठेवली होती. घाबरू नकोस." ते धावत खाली गेले. घरात काही झालं, आग लागली, तरी आवाज राहावा म्हणून त्यांनी रेकॉर्डिंगची सीडी मुद्दाम घराबाहेर, गाडीच्या कप्प्यात ठेवली होती. गाडी उघड्या पार्किंगमध्ये उभी असायची. दीड वर्षाचं ऊन, त्यात दोन उन्हाळे. सीडी काढली तेव्हा तिचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटलेला होता. त्यांच्या घरच्या संगणकाने ती घेतली नाही, माझ्या भाच्याच्या संगणकानेही नाही.

शनिवारी ते डिस्क घेऊन वर्कशॉपला गेले. अहमदने चार दिवस तिच्यावर घालवले. बुधवारी तो स्वतः त्यांच्याबरोबर घरी आला. उंच, भारदस्त माणूस, सोफ्याच्या अगदी कडेला बसला. हिंदी तो अल क्वोजमध्येच शिकला होता.

"भाभी, हार्डडिस्क खलास," तो म्हणाला. "सात आवाज निकला. बाकी नहीं."

मग शैलेंद्रांनी विचारलं म्हणून त्याने सांगितलं. आवाजाला उशीर होत होता तो प्रोग्राममुळे नव्हता. डिस्क खराब होत चालली होती, एकेक वाक्य वाचायला तिला दहा-दहा वेळा प्रयत्न करावे लागत होते. डिस्क अशी मरायला लागली की सिस्टिम स्वतःहून लिहिणं थांबवते, आहे तेवढं तरी वाचावं म्हणून. तो तिसरा संदेश त्यासाठी होता. त्या क्षणी मशीन बंद करून आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं असतं तर एकशे बारा वाक्यं मिळाली असती.

"जबरदस्ती किया ना, हबीबी, उधर गया," अहमद म्हणाला, आणि लगेच त्याला आपण असं बोललो याचं वाईट वाटलं असावं, कारण त्याने शैलेंद्रांच्या खांद्यावर हात ठेवला. "माफ करना. मेरे को पूछना मंगता था तुम."

शैलेंद्र म्हणाले, "शुक्रवार होता. तुला सुट्टीत त्रास नको म्हटलं."

अहमद गेला. मीही उठले. पुढे काय झालं ते मला शैलेंद्रांनी फार नंतर सांगितलं. शोभनाने पाटी घेतली आणि लिहिलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" त्यांनी वाचलं. तिने पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं. असं तीनदा. मग दाराशी ईश्वरीची चाहूल लागली तेव्हा तिने पाटी पदराने घाईघाईने पुसून टाकली. त्यानंतर तो विषय तिने कधी काढला नाही.

जी सात वाक्यं मिळाली ती अशी होती: कोण आहे? दूध संपलं. नंतर. गॅस बंद कर. चप्पल बाहेर. लाइट घालव. हळू. त्यात "ईशू" नव्हतं. "अहो"ही नव्हतं.

शुक्रवार आला. गडहिंग्लजला फोन करायचा दिवस. आदल्या शुक्रवारी केला नव्हता, म्हातारी काळजीत असणार. शोभनाने लिहिलं, लाइन खराब आहे म्हणून सांगा. शैलेंद्रांनी मान हलवली. "नाही. किती दिवस?" म्हणाले. त्यांनी फोन लावला आणि उभ्या-उभ्या बोलले. मी तिथेच होते.

"आई, शैलेंद्र बोलतोय. शोभना बरी आहे. पण तिला बोलता येत नाही. ऑपरेशनमध्येच आवाज गेला. आम्ही तुमच्यापासून लपवलं."

पलीकडून काहीतरी मोठ्याने विचारलेलं ऐकू आलं.

"नाही आई, तो टेप होता. आधी भरून ठेवला होता. तो आता माझ्या हातून पुसला गेला. माझी चूक झाली."

बराच वेळ ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी रिसीव्हर शोभनाच्या कानाला लावला. म्हातारी काय म्हणाली ते कळलं नाही. शोभना रिसीव्हरवर बोटाने टिचक्या मारत होती. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं त्यांचं त्या फोनवरच ठरलं म्हणे. मायलेकी वीस मिनिटं तशा बोलल्या.

शैलेंद्रांनी नवी डिस्क आणली, मशीन पुन्हा तयार केलं, पण त्यात घालायचं काय? त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमच्या आवाजात करू या का?" मी शिक्षिका, मला बोलायची सवय. मी तयार होते. शोभनाने नको म्हणून मान हलवली, आणि तिचं बरोबरच होतं. मला दुसऱ्या बाईने माझ्या नवऱ्याला "अहो" म्हटलेलं चाललं नसतं.

त्यानंतर आठवड्याभराने ईश्वरी वही घेऊन माझ्याकडे आली. बारा वर्षांची व्हायला आली होती, उंच झाली होती. वहीत तिने सगळी वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहिली होती. सगळी तिला आठवत होती. जिथे शंका होती तिथे प्रश्नचिन्ह होतं.

"मावशी, कॅन यू करेक्ट मी? मी बोलणार आहे. फॉर आई."

आम्ही दहा-बारा दिवस माझ्या स्वयंपाकघरात सराव केला. तिला "ळ" येत नव्हता. "वेळ झाली" म्हणायला गेली की "वेल झाली" व्हायचं. "ण"चा "न". रडकुंडीला यायची, वही मिटायची आणि पाच मिनिटांनी परत उघडायची. शेवटी शोभनालाच कळलं. एके दिवशी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, आत आली, मुलीसमोर खुर्ची ओढून बसली आणि स्वतःचं तोंड उघडून "ळ"ला जीभ कशी वळते ते तिला दाखवलं. आवाज नव्हता, नुसती जीभ. ईश्वरी तिच्या तोंडाकडे बघत तशी जीभ वळवत होती. "वेळ." शोभनाने टाळी वाजवली.

फेब्रुवारी होता, खिडक्या उघड्या टाकण्यासारखी हवा होती. तरी त्यांनी पुन्हा गोधड्या लावल्या. यावेळी आत शैलेंद्र आणि ईश्वरी होते, आणि शोभना माझ्याबरोबर बाहेर दाराला कान लावून उभी होती. एखादं वाक्य चुकलं की ती दारावर थाप मारायची. एकशे आठ वाक्यं झाली. "ईशू" आल्यावर पोरगी अडली. "हाऊ कॅन आय कॉल मायसेल्फ, बाबा?" शैलेंद्र बाहेर आले आणि शोभनाला आत पाठवलं. आत काय झालं माहीत नाही. दार उघडलं तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि ती तिन्ही "ईशू" झालेली होती.

त्यानंतर त्या घरात मुलगी मुलीलाच रागवायची. "ईशू, डबा संपव" हे ईश्वरीच्या आवाजात यायचं आणि आतून ईश्वरी ओरडायची, "आय ॲम कमिंग, आई!" नवी आलेली मुलं गोंधळायची. मिळालेल्या सातांतलं "कोण आहे?" तेवढं शोभनाने आपल्या आवाजात ठेवलं. आमच्या घरचं पार्सल कधी चुकून त्यांच्याकडे गेलं आणि मी बेल वाजवली, की आतून तिचा जुना, घोगरा तरी खणखणीत आवाज यायचा. मी काहीतरी निमित्त काढून बेल वाजवायचे, हेही कबूल करते.

हे सात-आठ महिने चाललं. ऑक्टोबरमध्ये तिला धाप लागायला लागली. फुप्फुसात पसरलं होतं. यावेळी मुंबईच्या डॉक्टरांनी बोलावलंच नाही, रिपोर्ट बघून फोनवर सांगितलं. मुलं सांभाळणं बंद झालं. शैलेंद्र दुपारी अल क्वोजहून जेवायच्या सुट्टीत गाडीने यायचे, तिला दोन घास भरवून परत जायचे. कीबोर्ड त्यांनी पलंगाशी आणून ठेवला होता. शेवटी शेवटी तिच्यात बटण दाबायचीही ताकद राहिली नव्हती. ती डोळ्यांनी दाखवायची आणि ते तिच्या वतीने दाबायचे. "पाणी." "उशी." "अहो." स्वतःलाच हाक मारायचं बटण ते स्वतःच दाबायचे.

फेब्रुवारी २००४ मध्ये एका दुपारी ती गेली. मी शाळेतून आले तर त्यांचं दार उघडं होतं. शैलेंद्र पलंगाच्या कडेला बसले होते. मला बघून म्हणाले, "ताई, ईशूची बस तीनला येते. तुम्ही खाली जाता का? मला जमणार नाही." मी खाली गेले.

दहावं झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "भाऊ, जे झालं त्याचं आता मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तिच्यासाठीच केलंत." ते म्हणाले, "ते मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं." मग म्हणाले, "पण माझ्यामुळे तिने एक वर्ष, ते 'कोण आहे?' सोडलं तर, स्वतःचा आवाज ऐकला नाही. ते वर्ष तिचं शेवटचं होतं, ते तेव्हा कुठे माहीत होतं."

त्या मे महिन्यात ते ईश्वरीला घेऊन गडहिंग्लजला गेले. म्हातारीने जावयाला आत घेतलं, जेवायला वाढलं, आणि दोन दिवस त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ईश्वरीला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, "बोल काहीतरी." ईश्वरी म्हणाली, "काय बोलू, आजी?" म्हातारी म्हणाली, "काहीही. तुझी आई बोलायची तसं." पोरगी तासभर बोलत होती, शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल, अडखळत, पण सगळं मराठीत. शैलेंद्र ओसरीवर बसून ऐकत होते.

हे मला ईश्वरीनेच परत आल्यावर सांगितलं. वर्षभराने माझ्या यजमानांची नोकरी संपली आणि आम्ही दुबई सोडली. निघायच्या दिवशी शैलेंद्र बॅगा खाली उतरवायला आले. टॅक्सीत सामान लावताना त्यांनी प्रत्येक बॅगेवर खडूने नंबर घातला आणि मला कागदावर यादी दिली. सहा बॅगा, एक पिशवी. "मुंबईला उतरल्यावर मोजून घ्या," म्हणाले, आणि टॅक्सी वळेपर्यंत फुटपाथवर उभे राहिले.